पाळीवरून सायकल: अर्जुनी, नवेगाव बांध, इटियाडोह

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण दोन दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात सायकल चालवून आलो. शंभरेक किलोमीटर झाले, त्यातले डांबरी रस्त्यावरचे वीससुद्धा नसतील. बाकी सगळं नहराच्या (कालव्याच्या) पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, तलावांच्या पाळीवरून आणि पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत समोरून आलेली वाहनं आम्ही मोजली: चार मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, दोन बंड्या (बैलगाड्या). नागपूरच्या रस्त्यांवर जीव मुठीत धरून सायकल चालवणाऱ्या आम्हा दोघींना हे इतकं शांत असेल असं वाटलं नव्हतं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, सायकल चालवायची तर गावांची नावं बघून रस्ता ठरवू नका, पाणी बघून ठरवा. हा सगळा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाच्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) नावावरून मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत हजारोंनी आहेत. जो तलाव बांधेल त्याला त्या जमिनीचा हक्क, असं गोंड राजांच्या काळात ठरलं होतं, असं इथले लोक सांगतात. वरच्या तलावाची सलंग, म्हणजे सांडवा, वाहिली की पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात येतं, तिथून पुढच्या तलावात. हे सगळं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर चालतं. म्हणून पाट आणि नहर जमिनीच्या उंचीला धरूनच वळतात, आणि त्यांच्या कडेची वाट कुठेही अंगावर येत नाही. आम्ही दोन दिवसांत सगळ्यात हलका गिअर एकदाच वापरला, तोही इटियाडोहच्या धरणावर चढताना.

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी सकाळची गाडी पकडून आम्ही अर्जुनीला उतरलो. पूर्वी ही नॅरोगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येतात. सायकलची दोन्ही चाकं काढून पिशवीत भरली की ती बर्थखाली किंवा दाराजवळ मावते. नागपूरहून सायकलवरच यायचा मोह होतो, पण महामार्ग ५३ वर साकोली-कोहमाऱ्यापर्यंत ट्रकांची अखंड रांग असते. तेवढं अंतर रेल्वेनेच काढा.

अर्जुनीहून बाराभाटीच्या बाजूला वळलो आणि अर्ध्या तासात पहिली पाळ लागली. उजवीकडे तलाव, डावीकडे दहा-बारा फूट खाली धानाच्या (भाताच्या) कापलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. धान निघण्याआधीच ओल्या जमिनीत लाखोरी हे कडधान्य फेकतात, तिला आता निळी फुलं आली होती. पाळीवर एक म्हातारे बाबा तुडुमाजवळ बसले होते. तलावातून पाणी सोडायची ही जुनी सोय. पाळीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक भोकं आणि त्यात लाकडाच्या खुंट्या. पाणी जसं उतरतं तशी खालची खुंटी काढायची. त्यांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून एक खुंटी हलवून सैल केली, आणि क्षणभरानं पाळीच्या दुसऱ्या बाजूनं पाटात पाणी खळाळायला लागलं. आम्ही सायकली आडव्या टाकून बघतच राहिलो.

"कोणतं गाव जी, बाई?"

"नागपूर, बाबा. नवेगावला निघालो आहोत."

"या पाळीनं नका जाऊ. समोर सलंग चालू आहे, सायकल उचला लागन. खालच्या धुऱ्यानं निघा, पांदण भेटते."

फोनमधल्या नकाशात ती पाळ सरळ नवेगावच्या दिशेनं गेलेली दिसत होती. बाबांचं ऐकलं म्हणून तासभर वाचला. पुढे तर प्रत्येक फाट्यावर विचारूनच निघायचं असं ठरवून टाकलं. नकाशात पाळ दिसते, पण ती यंदा फुटली आहे की नाही, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण टायर कोणते घ्यायचे ते त्यावरच ठरतं. इथे मातीला नावं आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. सिहार पिवळसर आणि रेतीची, सुकली की घट्ट बसते, तिच्यावर सायकल सुसाट जाते. मोरांडही चालते. कन्हार काळी आणि चिकट. पाट पाझरत असेल तिथे ती चाकात अशी भरते की ब्रेक आणि टायर यांच्यात बोटभरही फट राहत नाही. माझ्या सायकलला ४० मिलिमीटरचे टायर होते, हवा ३५ ते ४० पीएसआय. बहिणीची साधी हायब्रीड, ३५ मिलिमीटरची. तीही सगळीकडे आली, फक्त ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत तिला जास्त सांभाळावं लागलं. त्याहून बारीक टायर आणू नका. आणि बाभळीचे काटे! नहराच्या पाळीवर कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात. पहिल्याच दिवशी बहिणीच्या मागच्या चाकात तीन काटे निघाले. ट्यूबलेस असेल तर सीलंट ताजं भरा, नसेल तर माणशी दोन जादा ट्यूब आणि पॅच घ्या. अर्जुनीत पंक्चरवाला भेटतो, पण मधल्या गावांत प्रेस्टा व्हॉल्व्हची (बारीक तोंडाची) ट्यूब मिळायची नाही.

नवेगाव बांधला चारच्या सुमारास पोचलो. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्यांतल्याच एका टेकडीवर कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं आहे. तलाव बांधणारा माणूस गावाचा देव झाला, याचं मला दोन दिवस पाळीवरून फिरल्यावर अजिबात नवल वाटलं नाही. मुक्कामाला तलावाकाठचं पर्यटन संकुल आहे. शनिवार-रविवारी गर्दी होते, आधी फोन करून ठेवा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. राखीव जंगलात सायकल घालू नका, कितीही छान वाट दिसली तरी. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यांवर सूर्य नीट वर आल्यावरच निघा आणि पाचच्या आत गावात पोचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला माणसं पहाटे जातात आणि अस्वलंही तिथेच येतात. त्या दिवसांत जंगलाकडेच्या वाटा टाळाच. आम्ही सकाळी साडेसातपर्यंत तलावाच्या काठावरच थांबलो. धुकं उठायच्या आधी अडई बदकांचे थवे शिट्ट्या घालत पाण्यावर उतरत होते, आणि ढीवरांचे (मासेमारांचे) डोंगे त्यांच्या मधून सरकत होते.

त्या ढीवरांशी बोलताना बेशरमचा विषय निघाला. ही बाहेरून आलेली झुडपं अनेक तलावांच्या काठांवर पसरली, आणि मासे व पक्षी ज्यावर जगतात त्या देशी पाणवनस्पती मागे हटल्या. तालुक्यात काही तलावांवर ढीवर बायकांच्या गटांनी चिखलात उतरून बेशरम उपटली आणि देशी वनस्पती परत लावल्या. असा तलाव ओळखू येतो. काठ उघडा दिसतो आणि कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण, याच्या नहरावर मैलोन्‌मैल सरळ मुरमाची वाट आहे. धरणाजवळ गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ मध्ये वसवलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. धानाच्या बांध्यांमधून जाता जाता एकदम प्रार्थनेच्या रंगीत पताका आणि मठाचं छत दिसतं. पलीकडे प्रतापगडावर महादेवाचं देऊळ आणि दर्गा दोन्ही आहेत. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, तेव्हा मात्र हा रस्ता मोकळा नसतो.

नहराला पाणी सोडलेलं असेल तर कडेची वाट जागोजागी ओली होते, आणि उन्हाळी धानासाठी पाणी सुटतंच. काठ सरळ उतरता असतो, घसरलात तर बाहेर यायला धरायला काही नाही. तिथे शेजारी-शेजारी चालवू नका. आणि ही वाट शेतकऱ्याच्या कामाची आहे. बंडी आली की आधी तुम्ही उतरा, सायकल खालच्या अंगाला घ्या, बैल बुजतील अशी घंटी वाजवू नका. नोव्हेंबरात कापणी-मळणीच्या दिवसांत तर पाळीवर धानाचे भारे असतात. म्हणून डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हाच काळ खरा. पावसाळ्यात रोवणा (धानाची लावणी) चालू असतो, वाटा चिखलात जातात.

खाण्याचं फार बांधून नेऊ नका. सकाळी टपरीवर चना-पोहे, आलूबोंडे मिळतात. दुपारी मात्र लहान गावांत हॉटेलं बंद असतात, भाकरी आणि शेंगदाणे सोबत ठेवा. माणशी तीन लिटर पाणी पुरलं. नेटवर्क मध्येच जातं, नकाशा आधी उतरवून घ्या.

सारस पक्षी आम्हाला दिसला नाही. महाराष्ट्रात तो याच भागात, गोंदियाच्या उत्तरेला परसवाडा, झिलमिली या तलावांच्या बाजूला आणि वैनगंगा-बाघ नद्यांच्या काठी उरला आहे, तोही मोजकाच. डिसेंबरात गोंदियाहून त्या तलावांची फेरी करायची ठरवली आहे. तिथे जाणार असाल तर दुर्बीण न्या, जोडी दिसली की लांबच थांबा, आणि पिल्लू सोबत असेल तर तिथूनच मागे फिरा.