रात्रीची लाईन अन् चिवड्याचा डबा : माझा अनुभव

आधी एक सांगतो, मला भूक लागलेली नसायची. रात्री आठ वाजता भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात असं पोटभर जेवलेला माणूस अकरा वाजता चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसतो, त्याला भूक कसं म्हणणार. पण मी तीन रब्बी हंगाम असाच बसलो, शेतीच्या लाईनची, म्हणजे पंपाच्या विजेची, वाट पाहत.

ज्याच्याकडे ओलीत, म्हणजे पाण्याखालची शेती, आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या दिग्रसकडच्या भागात गावातली लाईट वेगळी अन् शेतीची थ्री फेज वेगळी. आमच्या फिडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून आमच्या शेतांकडे येणाऱ्या तारेवर, आठवड्यातले चार दिवस रात्रीची लाईन अन् तीन दिवस दिवसाची. रात्रीची वेळ कागदावर दहाची, पण ती येते कधी दहाला, कधी बाराला, कधी दीडला, अन् आली की लगेच निघावं लागतं कारण हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाईप आपोआप बदलत नाहीत, गव्हाचं पाणी आपोआप दुसऱ्या सऱ्यात जात नाही. सबस्टेशनला फोन लावला की एकच उत्तर, "येऊनच राहिली भाऊ, पंधरा मिनिटं." या पंधरा मिनिटांनीच सगळा घोळ केला. पंधरा मिनिटांसाठी कोणी झोपत नाही, कोणी काम काढत नाही. माणूस नुसता बसून राहतो. पंधरा मिनिटं झाली की पुन्हा फोन, पुन्हा पंधरा मिनिटं. पोरं झोपलेली म्हणून टीव्ही नाही, बाहेर डिसेंबरची थंडी, शेतावर जाऊन बसावं तर रानडुकरं अन् रोही (नीलगाय). मग एक हात मोबाईलवर अन् एक हात डब्यात. चिवडा संपला की शेव, शेव संपली की फल्लीदाणे (शेंगदाणे) अन् गूळ, तेही संपलं की पोरांसाठी आणलेले पाच-पाच रुपयांचे पुडे. किलोभर चिवडा तीन दिवसांत जात होता अन् घरात कोणालाच कळत नव्हतं कोण खाते.

कोणी म्हणेल शेतात राबणाऱ्या माणसाला काय होते. मलाही तसंच वाटायचं. मागच्या डिसेंबरात गावातल्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई फॉर्म भरायला आल्या, तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा भरतात तो, त्यांनी टेप लावून कंबर मोजली तर 97 सेंटीमीटर. पुरुषाची 90 च्या आत पाहिजे अन् बाईची 80 च्या आत, हे मला तेव्हाच कळलं. उपकेंद्रात शुगर पाहिली, मग पुढची तपासणी करायला सांगितलं, एचबीएवनसी म्हणतात ती, दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात दिसते. ती निघाली 6.1. 5.7 च्या खाली असली तर बरोबर, 6.5 अन् वर गेली तर डायबेटिस, म्हणजे मी मधात, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. माझे वडील डायबेटिसनेच पायाला जखम होऊन वर्षभर खाटेवर होते. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, डबा माळ्यावर ठेवला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या रात्री शिडी लावून काढला. मग घरात काही आणायचंच नाही असं ठरवलं, तर पोरांनी काय पाप केलं, अन् आईने पाहुण्यांसाठी केलेले शंकरपाळे तर होतेच. मग कसम खाल्ली की आता आयुष्यभर बंद. त्या कसमेनंतरच्या रात्री लाईन अडीचला आली अन् मी त्या रात्री सगळ्यात जास्त खाल्लं. म्हणून सांगतो, कसम खाऊ नका.

खरी वाट दोन गोष्टींमुळे सापडली. एक म्हणजे कॅलेंडर. दुधाचा हिशोब लिहितो त्याच कॅलेंडरवर मी ज्या रात्री खाल्लं त्या तारखेला पेनाने ठिपका देऊ लागलो, कोणाला न सांगता. महिना झाल्यावर पाहिलं तर सगळे ठिपके रात्रीच्या लाईनच्या दिवसांवर. दिवसाची लाईन असलेल्या दिवशी मी साडेनऊला झोपत होतो, डबा तिथंच होता, चिवडा तोच होता, पण हात लावला नव्हता. म्हणजे चिवड्याची आवड वगैरे काही नाही, खाणं चाललं होतं त्या वाट पाहण्यावर. तुमच्याकडे लाईनचं कारण नसेल तर दुसरं काही असेल, दुपारचा एकटेपणा असेल, उन्हाळ्यात कूलरसमोर बारा ते पाच बसून राहणं असेल, पण महिनाभर ठिपके द्या, ते दिसतेच.

दुसरी गोष्ट आईची. एका रात्री डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकून ती आतल्या खोलीतून म्हणाली, "काहून वाजवून रायला रे डबा? भूक लागली त भाकर खाय ना बापा." मी म्हटलं, नको. अन् मग मीच थांबलो. भाकर नको, ठेचा नको, पण चिवडा पाहिजे, ही कसली भूक? तेव्हापासून डब्याकडे हात गेला की मनात विचारतो, भाकर खाशील का? उत्तर हो आलं तर खरंच भूक आहे, तेव्हा उठून अर्धी भाकर अन् ताक घेतो, खाली पाट टाकून, मोबाईल बाजूला ठेवून. बाराच्या पुढं थंडीत शेतात जायचं असलं तर पोटात काही लागतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर नाही आलं तर झाकण लावतो.

पण झाकण लावल्यावर पुढं काय, हे कोणीच सांगत नाही. वाट तर पाहायचीच आहे, लाईन तर आलीच नाही. माझं गाडं इथंच दीड महिना अडलं. पाणी पिऊन पाहिलं, बडीशोप चावून पाहिली, मोबाईलवर पत्ते खेळून पाहिले (मोबाईलने तर जास्तच खावंसं वाटते, कारण एक हात रिकामा राहतो). विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला मोबाईलचा डबा बसवला आहे, लाईन आली की कॉल येतो, पण विहिरीजवळ नेटवर्क धरत नाही म्हणून त्याच्या भरवशावर झोपायची हिंमत होत नव्हती. एकदा झोपलो तर हरभऱ्याला घाटे भरतानाचं पाणी हुकलं, तो राग अजून गेला नाही.

शेवटी आमच्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) शेजाऱ्याशी बोललो. म्हटलं, "भाऊ, तुम्ही पण जागता, मी पण जागतो, दोघं कशाला जागायचं?" मग पाळी लावली. एका रात्री ते जागतात अन् लाईन आली की मला फोन करतात, दुसऱ्या रात्री मी. चार रात्रींच्या दोन झाल्या. हे आम्हाला तीन वर्षं का सुचलं नाही याचं मला आजही वाईट वाटते. ज्यांचा कंटाळा कशाची तरी वाट पाहण्याचा आहे त्यांनी आधी ती वाटच कमी करता येते का पाहावं, मन मारणं नंतर.

उरलेल्या दोन रात्रींसाठी अंबाडीचा वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, कामी आला. आमच्या धुऱ्यावर (बांधावर) थोडी अंबाडी असते, भाजीसाठी. आईने तिची धांडं नाल्यात सडवून वाख काढून ठेवला होता, पडून होता. आजोबा मला लहानपणी दोर वळायला शिकवत होते, तळव्यांना आठवत होतं बहुतेक. वाख थोडा ओला करायचा, दोन पदर घ्यायचे, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं अन् तळहाताने मांडीवर वळत जायचं, पदर एकमेकावर बसतात तेव्हा बारीक करकर असा आवाज येतो. दोन्ही हात गुंततात, ओले होतात, बोटांना बारीक तंतू चिकटतात, अन् त्या हाताने चिवड्याची मूठ भरावीशी वाटतच नाही. पहिल्या रात्री हातभर दोर झाला तोही सैल, आठवड्यात वासराचं दावं झालं. ते दावं आजही वापरात आहे अन् पाहिलं की छाती भरून येते. तुम्ही तूर निवडा, लसूण सोला, गोधडी शिवा, पण दोन्ही हातांचं काम घ्या.

हो, एक राहिलंच. पुड्याच्या मागचं वाचा. आमच्याकडच्या शेवेच्या पुड्यावर 100 ग्रॅमला 500 च्या वर कॅलरी लिहिलेल्या होत्या, अन् एक साधी पोळी 100 च्या आसपास असते. मूठमूठ करत मी त्या रात्रींना कितीतरी पोळ्या जास्तीच्या खात होतो, त्याही जेवण झाल्यावर. अन् खावंसंच वाटलं तर फल्लीदाणे नको, फल्लीच घ्या, टरफलं फोडत बसलं की वाटीभर खायला अर्धा तास लागतो अन् किती खाल्लं ते टरफलांवरून दिसते.

एप्रिलमध्ये परत तपासणी केली, 5.7. कंबर 92. आशाताईने दोनदा टेप लावला. डॉक्टर म्हणाले मधातून अजून पूर्ण बाहेर आलेले नाही, वर्षातून एकदा दाखवत जा.

या सोमवारपासून आमची रात्रीची लाईन आहे, गव्हाला तिसरं पाणी द्यायचं आहे. पहिली पाळी माझी. संध्याकाळीच वाख भिजवून ठेवणार आहे, या वेळी बैलाचा कासरा करायचा आहे.