त्रिनिदाद: खिशाला झेपणारं कॅरिबियन

कॅरिबियन म्हटलं की आपल्यासमोर एकच चित्र येतं: पांढरी वाळू, रिसॉर्ट, आणि शेवटी डोळे पांढरे करणारं बिल. आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाबा नाशिकहून आले होते आणि त्यांना घेऊन एखाद्या बेटावर जायचं होतं. बार्बाडोसचे भाव पाहून ते बाजूला ठेवलं. मग बाबाच म्हणाले, "त्रिनिदादला का नाही जात? गावसकरचं पोर्ट ऑफ स्पेन तिथंच ना?"

मध्यम बजेटवाल्यांसाठी हेच बेट योग्य, असं आता मी ठामपणे सांगेन. कारण सरळ आहे. त्रिनिदाद पर्यटकांवर जगत नाही, ते तेल आणि नैसर्गिक वायूवर जगतं. त्यामुळे इथले खाण्याचे, गाडीचे भाव स्थानिक माणसाच्या खिशाकडे बघून ठरलेले असतात. भारतीय पासपोर्टवर छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही, न्यूयॉर्कहून थेट विमान पाच तासांत पोचतं. भारतातून येणाऱ्यांनी मात्र विमान कुठल्या देशातून बदलतंय आणि तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघावं. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: त्रिनिदादहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

आम्ही ईस्टरची सुट्टी संपल्यावर गेलो. जानेवारी ते मे कोरडा काळ असतो, पण कार्निव्हलच्या दिवसांत खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. तो सोहळाच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. राहायला स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस घेतलं. शंभर अमेरिकन डॉलरच्या आत चांगली खोली मिळते. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात टीटी (म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर पडतात, हा हिशेब डोक्यात पक्का ठेवावा.

बाबा शुद्ध शाकाहारी, त्यामुळे जेवणाची काळजी होती. ती पहिल्याच सकाळी मिटली. रस्त्याच्या कडेला एक मावशी डबल्स विकत होत्या. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (तिथं त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर रसदार छोले, चिंचेची चटणी, काकडीचा कीस. त्यांचा हात असा चालतो की कागदाला पीळ बसेपर्यंत पुढच्याचं पान मांडलेलं असतं. तिखट किती हवं ते आधीच सांगायचं. "स्लाइट" म्हटलं तरी आपल्या नाकातून पाणी येतं. तिघांचा नाश्ता पाच-सहा अमेरिकन डॉलरमध्ये आटोपला. दुपारी रोटीच्या दुकानात डालपुरी, सोबत भोपळा, चवळीच्या शेंगा आणि आंब्याची करी. डालपुरी म्हणजे गुळाविना केलेली, जिरं घातलेली पुरणपोळीच. बाबा दोन खाऊन गप्प बसले. पसंतीची याहून मोठी पावती त्यांच्याकडून मिळत नाही.

खाण्यात वाचलेले पैसे आम्ही ड्रायव्हरसकट गाडीवर खर्च केले. शहरांदरम्यान रंगीत पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सी, म्हणजे मिनीबस, स्वस्तात नेतात. दक्षिणेतल्या सॅन फर्नांडो शहराकडे जाणारीला हिरवा पट्टा. पण वयस्कर माणूस सोबत असेल आणि दिवसात तीन ठिकाणं गाठायची असतील तर गाडीच बरी. रात्री राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागात पायी हिंडू नये, हे तिथल्याच लोकांनी बजावलं आणि आम्ही ते पाळलं.

पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेट मैदानावर बाबा बराच वेळ रेंगाळले. मागे नॉर्दर्न रेंजचे हिरवे डोंगर, पुढे मोकळं मैदान. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथं. सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण, आणि मालिकेच्या शेवटी याच मैदानावर त्यांचे १२४ आणि २२०. बाबांना आकडे तोंडपाठ. दारावरचा रखवालदारही त्यांच्याच वयाचा निघाला. त्याला भारतानं १९७६ मध्ये इथंच केलेला चारशे तीन धावांचा पाठलाग आठवत होता, आणि दोघांची गट्टी जमली.

वॉटर्लू गावचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. ३० मे १८४५ ला गिरमिटियांचं, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं, पहिलं जहाज या बेटाला लागलं. पुढे तसाच भारतातून आलेल्या सिवदास साधू नावाच्या मजुरानं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीनं ते पाडायला लावलं, त्याला तुरुंगात धाडलं. मग जमिनीवर नाही तर नाही, म्हणून त्यानं सायकलवरून दगड-माती वाहून नेत समुद्रात भर घातली आणि तिथं देऊळ उभं केलं. आजचं बांधकाम १९९५ चं. इथं माझे हात आपोआप जोडले गेले.

संध्याकाळी कॅरोनीच्या खारफुटीतली बोट. सपाट बुडाची, दुपारी चारच्या सुमारास निघते. सूर्य कलला की लाल आयबिस पक्षी थव्यानं परततात आणि समोरचं हिरवं बेट बघता बघता लाल ठिपक्यांनी भरून जातं. हा रंग त्यांना खेकडे-कोळंबीतून मिळतो, पिल्लं तपकिरी असतात. दुर्बीण न्याच, बोट लांबच थांबते, आणि तेच बरोबर आहे.

टोबॅगो या देशातल्या दुसऱ्या, लहान बेटावर फेरीबोटीनं गेलो. आम्ही गेलो तेव्हा एका बाजूचं तिकीट ५० टीटी डॉलर होतं, म्हणजे जवळपास साडेसात अमेरिकन डॉलर. साडेतीनेक तास लागतात आणि समुद्र खवळलेला असतो. बोट लागत असेल तर पंचवीस मिनिटांचं विमान घ्यावं. विमानतळाजवळच्या क्राउन पॉइंटपेक्षा कॅस्टारा मला अधिक आवडलं. कोळ्यांचं गाव, किनाऱ्यावरच मातीच्या भट्टीत पाव भाजतात. नायलॉन पूलला भर समुद्रात कमरेइतक्या पाण्यात बाबा उभे राहिले. मेन रिज हे १७७६ पासून कायद्यानं राखलेलं जंगल, तिथं वाटाड्या घ्यावा.

मार्च ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्रिनिदादच्या मातुरा किंवा ग्रांद रिव्हिएरला रात्री लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. त्या किनाऱ्यांवर परवान्याशिवाय जाता येत नाही, म्हणून गावातला गाइड आणि परवाना आधीच ठरवून ठेवा.