तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरी धडक जीवघेणी का ठरते?

रस्ता सुरक्षेवर बोलायला गेलं की हा प्रश्न हमखास येतो: "हायवेवर पहिल्या धडकेत सगळे सुखरूप होते, मग मागून आलेल्या गाडीनं माणसं कशी गेली?"

मुख्य कारण हे की तोवर त्यांचं संरक्षण संपलेलं असतं. एअरबॅग एकदाच फुगते. पट्टा ऐन वेळी आवळणारी यंत्रणाही एकदाच चालते आणि पुष्कळांनी पट्टा काढूनही टाकलेला असतो. कुणी मागच्या सीटवरच्या मुलांकडे वळलेलं असतं. त्यातून गाडी गरगरून आडवी थांबली असेल तर मार बसतो तो कुशीवर. पुढे बॉनेट आणि मागे डिकी चेपून धक्का पचवतात, पण बाजूला जेमतेम एक दार असतं.

खाली उतरलेल्यांना तर तेवढाही आडोसा नाही. दोन गाड्यांच्या फटीत वाकून, मोबाइलचा टॉर्च मारत बंपरचा फोटो काढणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मागच्या गाडीला कुणी ठोकलं की ती पुढे सरकते आणि त्याचे पाय दोन बंपरांमध्ये चिरडतात. भरपाईची वादावादी तिथे उभं राहून करू नका हो, कळकळीनं सांगतो.

आता वेग. पुढची गाडी ताशी 60 किलोमीटरनं चालली असेल आणि मागची 100 नं, तर फरक 40 चा. तीच उभी असेल तर पुऱ्या 100 चा. ताशी 100 म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. गाडी उभी आहे हे उमगून पाय ब्रेकवर जायला दोन सेकंद गेले तर 55 मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण तेवढेच आणखी लागतात, ओल्यावर बरेच जास्त. रात्री आडव्या गाडीचे मागचे लाल दिवे येणाऱ्याला दिसतही नाहीत. आणि थांबलेल्या ट्रकच्या मागे कार घुसली तर बॉनेट ट्रकखाली जातं, मार थेट काचेवर येतो.

म्हणून गाडी चालत असेल तर लगेच कडेला घ्या. चालत नसेल तर हॅझर्ड दिवे लावा, रहदारी बघून उतरा, सगळे कठड्यापलीकडे जा आणि फोन तिथूनच करा. गाडीच्या पुढ्यात थांबू नका. धोक्याचा त्रिकोण ठेवायला भरधाव लेनमधून चालत जावं लागणार असेल, तर माझ्या मते तो राहू द्यावा.