आजीच्या मागल्या खोल्यांपासून सहा घरांच्या किल्ल्यांपर्यंत

हरमलला आजीच्या घराच्या मागल्या दोन खोल्या आम्ही सिझनमध्ये परदेशी पाहुण्यांना द्यायचो. याला धंदा असं घरात कुणी म्हणत नसे. भाडं रोख, हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर. पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा गोव्यात 1982 पासून आहे, पण तो हॉटेलवाल्यांसाठी, अशी आमची समजूत.

ती उतरली सी फॉर्ममुळे. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची, मग खोली एक असो की शंभर. एकदा शनिवारी रात्री जोडपं आलं, नेट गेलेलं, मी फॉर्म भरला सोमवारी. चौकीवर बोलावणं आलं. दंड झाला नाही. पण "घर नोंदवलंय का?" या प्रश्नावर मी नुसती टेबलाकडे बघत राहिले.

नोंदणीचा अर्ज सोपा होता, सह्या मिळवणं नव्हतं. घर आजोबांच्या नावावर, वाटेकरी अकरा. दोघे मुंबईला, एक पोर्तुगालला. गणेशचवथीला बाकीचे जमले तेव्हा गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखालीच कागद पुढे केला. थोरल्या काकांनी आधी नेवऱ्या संपवल्या, मग सही केली. पोर्तुगालची सही यायला पुढचा पावसाळा उजाडला.

जानेवारी 2023 मध्ये मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि पेडण्यात बाहेरच्यांनी घेतलेले फ्लॅट सांभाळायला माणसं हवी झाली. मी, भाऊ आणि सफाईला तिघी, अशी आमची फर्म उभी राहिली. आज सहा घरं आहेत. नोंदणी नसलेलं घर घ्यायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरवलं. त्यापायी दोन मालक गेले; "शेजारचे कुठे करतात?" म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. आम्ही कागद सांभाळत बसायचं आणि पलीकडचा बिनकागदाचा फ्लॅट कमी भाड्यात भरलेला, याचा राग मला अजून येतो.

जीएसटीची धास्ती मात्र उगाच घेतली होती. मालकाची उलाढाल 20 लाखांच्या आत आणि त्याची नोंदणी नसेल, तर साइटवरून आलेल्या बुकिंगचा कर साइटच भरते.

सातव्या फ्लॅटची फाईल सोसायटीच्या ना हरकत दाखल्यापाशी अडलीय. सेक्रेटरींची तक्रार एकच, पाहुण्यांच्या बॅगांची चाकं रात्री दोनला जिन्यात खडखडतात. खडखडतात खरी.