निर्दोष ठरलेला रस्सा

महाप्यातील एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. जवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बांगड्याचा रस्सा जेवल्यावर अर्ध्या तासातच सात कामगारांचे चेहरे लालबुंद झाले, छाती धडधडू लागली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्शाचा डबा बर्फात ठेवून आमच्याकडे आला. अर्जात केवळ जिवाणूंची तपासणी मागितली होती. साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस, व्हिब्रिओ सारे पाहिले. पाचव्या दिवसापर्यंत एकाही प्लेटवर संशय घ्यावा अशी जिवाणूंची वसाहत उगवली नाही. मी तसा अहवाल दिला. कारखान्याने त्याचा अर्थ 'अन्न निर्दोष, कामगारांना माशांची ॲलर्जी' असा लावला. सात जणांना एकाच दुपारी ॲलर्जी कशी होईल, हे तेथील डॉक्टरांनी विचारायला हवे होते. आणि लक्षणांची नोंद माझ्यासमोर असताना मीही विचारायला हवे होते.

बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबेत राहिला की मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात, आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेले की ॲलर्जीसारखीच लक्षणे दिसतात. उकळीने जिवाणू मरतात, पण हिस्टामाइन तसेच राहते. तळून किंवा डबाबंद करूनही ते जात नाही, आणि माशाला वास येईलच असेही नाही. कॅन्टीनच्या मावशी मला फोनवर कळवळून सांगत होत्या, "मॅडम, मी चांगली खळखळून उकळी आणली होती." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि माझ्या कोऱ्या प्लेट्स त्याचाच पुरावा होत्या.

नमुन्याचा राखीव भाग उणे 20 अंशांवर होता. ग्राहकाने मागितले तेवढेच तपासायचे, या आमच्याकडच्या घातक शिरस्त्याला बाजूला सारून, वरिष्ठांशी वाद घालून मी हिस्टामाइन मोजून घेतले. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे. रश्शातील तुकड्यात त्याच्या तिपटीहून अधिक निघाले. चौकशीत कळले की पहाटे आलेली बांगड्यांची पाटी, बर्फ वितळून गेल्यावरही, अकरा वाजेपर्यंत मोरीपाशी तशीच पडून होती.

सुधारित अहवाल मी स्वतः नेऊन दिला. त्या सातांपैकी एक जण दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला आहे, लहानपणापासून मासळीवर वाढलेला. त्याच्या केसपेपरवर 'मासे वर्ज्य' हे शब्द अजून तसेच आहेत.