आयटीसी आपली की इंग्रजांची?

वाणिज्य शाखेत कंपन्यांचा इतिहास शिकवत आयुष्य गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक हा प्रश्न घेऊन येतात. कधी सोसायटीची मीटिंग संपल्यावर, कधी सारसबागेत फिरताना. "सर, आशीर्वाद आटा, सनफीस्ट बिस्किटं, क्लासमेटच्या वह्या, शिवाय आपल्या रांजणगावला एवढा मोठा कारखाना. म्हणजे आयटीसी आपलीच ना? की अजून इंग्रजांची?" उभ्या उभ्या उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहितो.

जुन्या बाजारात मिळालेलं एक छोटं चित्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आगपेटीएवढं रुंद, लांबीला थोडं जास्त. पुढे रंगीत पक्षी, मागे त्या पक्ष्याची माहिती आणि तळाशी बारीक अक्षरांत ब्रिस्टलच्या विल्स कंपनीचं नाव. त्याच्याही खाली 'इम्पीरियल टोबॅको कंपनी (ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड)'. सिगरेटची पाकिटं तेव्हा मऊ कागदाची असत, आतली सिगरेट दबू नये म्हणून जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग त्यावर चित्रं छापायला लागले. पक्षी, जहाजं, क्रिकेटपटू. संच पुरा करायचा म्हणून पोरं बापामागे लागत. लहान मुलाच्या हातून बापाच्या खिशापर्यंत पोचायची ही युक्ती आहे, आणि म्हणूनच मी ते चित्र डोळ्यांसमोर ठेवतो.

विल्स हे ब्रिस्टलचं घराणं. 1786 पासून तंबाखूच्या धंद्यात. ब्रिस्टल बंदरात उतरणारा तंबाखू अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, गुलामांच्या घामावर पिकलेला. सिगरेटीचा धंदा मात्र सुरुवातीला बेताचाच होता, कारण सिगरेट हाताने वळावी लागे. जेम्स बोन्सॅक नावाच्या तरुणाने यंत्र काढलं आणि ते दिवसाला 1,20,000 सिगरेटी वळू लागलं. इंग्लंडात त्याचे हक्क 1883 मध्ये विल्सने घेतले. अमेरिकेत ते यंत्र धरलं जेम्स ड्यूक या तंबाखूवाल्याने. आता माल इतका निघू लागला की ओढणारे कमी पडायला लागले. पुढचं सगळं त्यातून घडलं: जाहिराती, चित्रं, आणि परक्या देशांत शिरण्याची घाई.

ड्यूकने 1890 मध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली आणि 1901 मध्ये लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेऊन थेट इंग्लंडात घुसला. घाबरून विल्सच्या पुढाकाराने तेरा ब्रिटिश कंपन्यांनी एकी केली, ती इम्पीरियल. वर्षभर दोघांनी किमती पाडून एकमेकांना रक्तबंबाळ केलं आणि 1902 मध्ये तह झाला. भावकीत बांध घालतात तसा बांध घातला: ब्रिटन इम्पीरियलचं, अमेरिका ड्यूकची, आणि उरलेल्या जगासाठी दोघांची मिळून तिसरी कंपनी. तिचं नाव ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. दोन तृतीयांश अमेरिकेची, एक तृतीयांश इम्पीरियलची, अध्यक्ष ड्यूक. 'उरलेलं जग' यात आपण होतो. तंबाखूच्या त्या बाजारात हिंदुस्थान कुणाच्या वाट्याला जाणार, हे आपल्याला न विचारता ठरलं.

24 ऑगस्ट 1910 रोजी कलकत्त्यात या ब्रिटिश अमेरिकनची इथली कंपनी, इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया, नोंदवली गेली, राधाबाजार गल्लीतल्या भाड्याच्या जागेत. तीच आजची आयटीसी. 1912 मध्ये तिने तंबाखूच्या पानांसाठी वेगळी कंपनी काढली आणि आंध्रातल्या गुंटूरच्या बाजूला शेतकऱ्यांना व्हर्जिनिया तंबाखू लावायला शिकवलं.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूकची मक्तेदारी मोडली. ब्रिटिश अमेरिकन मात्र लंडनमधून वाढतच गेली, इतकी की 1994 मध्ये तिने आपल्या जन्मदात्या अमेरिकन टोबॅकोलाच विकत घेतलं. ब्रिटनमधल्या इम्पीरियलची वाट वेगळी झाली. आयटीसीशी तिचा आता संबंध नाही.

आपल्याकडे 1969 मध्ये अजित नारायण हक्सर पहिले भारतीय अध्यक्ष झाले. 1970 मध्ये नाव 'इंडिया टोबॅको' झालं, 1974 मध्ये नुसती अक्षरं उरली. तंबाखू नावातून गेला, कारखान्यातून नाही. 1973 च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे लंडनच्या ब्रिटिश अमेरिकनला आपला वाटा 40 टक्क्यांवर आणावा लागला. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा ताबा मिळवायची खटपट केली, तेव्हा आपल्या सरकारी वित्तसंस्था आडव्या आल्या. 2010 पासून सिगरेट उत्पादनात नवी परकी गुंतवणूक बंद आहे. ब्रिटिश अमेरिकनने 2024 मध्ये साडेतीन टक्के आणि 2025 मध्ये अडीच टक्के शेअर विकले, तरी वीस टक्क्यांच्या वर अजून त्यांच्याकडेच आहेत.

इथपर्यंत ऐकून लोक खूश होतात. "म्हणजे आपलीच झाली की!" मला इथेच थांबता येत नाही. एलआयसीकडे आयटीसीचे साधारण पंधरा टक्के शेअर आहेत. पूर्वीच्या युनिट ट्रस्ट या सरकारी म्युच्युअल फंडाचा सात-आठ टक्के वाटा केंद्र सरकारच्या हाती आहे, इतर सरकारी विमा कंपन्यांचा वेगळा. सगळं मिळून लंडनच्या तोडीचं होतं. तुम्ही-आम्ही आयुष्याची हमी म्हणून जो हप्ता भरतो, त्यातला काही पैसा सिगरेटच्या धंद्यात आहे. बिस्किटं आणि वह्या कितीही दिसल्या तरी कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा आजही सिगरेटचाच आहे.

एकीकडे परळच्या टाटा रुग्णालयाला पैसा केंद्र सरकारच देतं, दुसरीकडे सिगरेटचा लाभांशही तेच घेतं. माझे मामा तिथल्या वॉर्डात गेले. शेवटी त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं, मामी चमच्याने ओठ ओले करायची. त्यामुळे हा हिशोब मला नुसता कागदावरचा वाटत नाही. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूतली गुंतवणूक काढून घ्यावी, म्हणून 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ती मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. माझी एलआयसीची पॉलिसी आहे, आणि पॉलिसीधारक म्हणून हेच मी त्यांना लेखी कळवलं आहे. पत्राचा नमुना हवा असेल तर मागून घ्या.