मागच्या रांगेचा आवाज

पहिल्याच सीनला साउंडवाल्या दादाने कानावरचा हेडफोन काढला. "ताई, माइक तुमच्या पदराला लावलाय. मी इथेच आहे." युनिट हसलं, मीही हसले, पण कान तापले होते. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत शेवटी बसलेल्या माणसापर्यंत वाक्य पोचलंच पाहिजे, हे १३ वर्षं नाटकं करून अंगात मुरलेलं. घोडबंदर रोडच्या मालिकेच्या सेटवर ते एका सकाळीत थोडंच उतरणार?

मालिका मिळाली मात्र सरळ. ऑडिशन घरीच, स्वयंपाकघरात, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून. दोनदा कुकरच्या शिट्टीने घात केला. मग लूक टेस्ट: तीन साड्या, दोन टिकल्या आणि "कळवतो". १६ दिवसांनी कळवलं. भूमिका नायकाच्या काकूची. माझं वय तेव्हा ३८, पुतण्या ३२चा. असो.

नाटकात रडायचं ते प्रयोगात एकदाच. इथे तेच आधी मास्टरला, म्हणजे अख्खा सीन लांबून एका दमात, मग समोरचीच्या खांद्यावरून, मग क्लोजला, नुसत्या चेहऱ्यावर. मी मास्टरमध्येच सगळं ओतून बसले. क्लोज लागला तेव्हा डोळे कोरडे ठणठणीत, आणि कंटिन्युइटी, म्हणजे शॉटला शॉट जुळतोय का ते बघणारी पोरगी म्हणते, "मघाशी पाणी डाव्या डोळ्यातून आलं होतं." शेवटी ग्लिसरीन. सासूचं काम करणाऱ्या ताईंनी चहा घेताना कानात सांगितलं, "मास्टरला पदर कुठल्या शब्दाला सावरलास तेवढं लक्षात ठेव. रडू राखून ठेव गं."

त्या रात्री 'जाने भी दो यारो' (१९८३) पुन्हा लावला, फक्त भक्ती बर्वेंसाठी. 'ती फुलराणी' गाजवणारी ही बाई तिथे संपादिका होऊन नुसत्या नजरेवर समोरच्याला कशी खेळवते, ते बघत बसले.

पैशाची गंमत वेगळीच. नाटकाच्या नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं पाकीट प्रयोगाच्या दिवशीच पर्समध्ये पडतं. मालिकेत आकडा मोठा, पण बिल दिल्यावर ९० दिवसांनी, तोही टीडीएस कापून. पहिले तीन महिने भिशीने तारलं.

करारात मी एकच हट्ट धरला होता, रविवारी प्रयोग असेल तर दोनला सोडायचं. पहिल्याच रविवारी पावणेचारला सोडलं. प्रयोग साडेचारचा! कापूरबावडीला रिक्षा अडकली. मी आत बसून मालिकेचं कुंकू पुसत होते आणि रिक्षावाला आरशातून संशयाने बघत होता. पहिली घंटा चुकली, तिसरी गाठली.

पहिली एंट्री घेतली. छान, हळू, आतून आलेलं वाक्य टाकलं. ताईंना आवडलं असतं.

बाल्कनीतून खणखणीत ओरड आली, "आवाज!"